मालक न आलेली नाकं

चौबे कॉलनीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं ओळखपत्र पाहिलं नाही. नाक पाहिलं. आधी समोरून, मग डावीकडून. उजवीकडून पाहायला त्यांना खुर्ची हलवावी लागली असती, म्हणून त्यांनी मलाच वळायला सांगितलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सामान घेऊन या."

मी तेव्हा नागपूरच्या एका मराठी दैनिकाचा रायपूरचा बातमीदार होतो. भाडं किती, पाणी कधी येतं, गाडी कुठे लावायची, हे प्रश्न माझ्याकडे तयार होते. त्यांची उत्तरं काकूंनी, म्हणजे घरमालकांच्या पत्नीने दिली. काका तोवर आत निघून गेले होते. कॉलनीत त्यांना 'नाकवाले अंकल' म्हणत, हे मला भाजीवाल्याकडून कळलं. नाकावरून मराठीत आणि हिंदीत जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे त्या गल्लीत होऊन गेले होते. इथे ते टाळतो.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एक मला मिळाली. दुसरीच्या दारावर पत्र्याची जुनी पाटी होती: 'कृपया खिड़की पर पूछताछ करें.' खोलीला खिडकी नव्हती. आत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, आणि प्रत्येक खळग्यात एक दगड होता. कुठला सुपारीएवढा, कुठला लिंबाएवढा. प्रत्येकाला दोऱ्याने पुठ्ठ्याचं लेबल बांधलेलं. काकांच्या मते ही जुन्या मूर्तींची नाकं होती.

रायपूरच्या आसपास जुन्या मूर्तींची कमतरता नाही. तळ्याच्या काठी, पिंपळाखाली, शाळेच्या कुंपणात त्या उभ्या असतात. कुठली हजार वर्षांपूर्वीची, कुठली त्याहून जुनी. बहुतेकींना नाक नसतं. पाहणारा ते लक्षात घेतो आणि पुढे जातो. काका पुढे जाऊ शकले नाहीत.

"मूर्ती मले नाही पाहिजे," ते सांगत. "मूर्तीले पाहणारे लय आहेत. तिचा फोटो काढतात, तिच्यावर पुस्तक लिहितात. पण नाक पडलं ते गेलं कुठं? हात पडला तर कोणी उचलून ठेवते. मुंडकं पडलं तर चोर नेते. नाकाले कोण आहे?"

काका मूळचे विदर्भातले. रेल्वेत लागले, रायपूरला आले आणि इथलेच झाले. सगळी नोकरी त्यांनी हरवलेल्या सामानाच्या कार्यालयात काढली. गाडीत विसरलेली वस्तू तिथे जमा होते. तिला लेबल लागतं, कुठे सापडली ते लेबलावर लिहिलं जातं, आणि मालक येऊन ओळख पटवेपर्यंत ती वस्तू कोणाचीच नसते. कारकुनाची तर मुळीच नसते. हा शेवटचा नियम काकांनी स्वतःला घालून घेतलेला होता आणि निवृत्तीनंतरही तो त्यांच्या अंगावर होता. वरच्या खोलीतल्या एकाही दगडाला त्यांनी कधी 'माझा' म्हटलं नाही. 'संग्रह' हा शब्द त्यांना चोरीच्या जवळचा वाटे. ते 'जमा' म्हणत. मी एकदा 'बेवारस नाकं' म्हणालो तर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"बेवारस काहून? वारस आहे. कुठंतरी उभा आहे, नाकाविना. पार्टी अजून आली नाही, एवढंच."

मालकाला ते पार्टी म्हणत. पार्टी म्हणजे गणेश सोडून कुठलाही देव, एखादी यक्षिणी किंवा एखादा द्वारपाल.

काकूंचं या सगळ्याशी वैर नव्हतं. त्यांची मागणी एकच आणि साधी होती. गल्लीत एक बोका होता. तो स्वयंपाकघराच्या जाळीतून येई आणि दुधाच्या पातेल्यावरचं झाकण सरकवी. काकूंना झाकणावर ठेवायला एक चांगला जड दगड हवा होता. वर शेकड्याने दगड पडलेले.

"एक द्या ना," त्या म्हणत. "धुऊन ठेवीन."

"पार्टीचं सामान आहे."

"पार्टी आली का मी उतरवून देईन."

"लोकांचं सामान वापरलं असतं तर मी पेन्शनले नसतो पोचलो."

म्हणून काकू झाकणावर अर्धी वीट ठेवत. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. मी त्या घरात आलो तेव्हा ती वीट तिथे होती, आणि पिशवीच्या रंगावरून पाहता बऱ्याच वर्षांपासून होती.

नाकं येत कुठून, तर मुख्यतः वाळूतून. शहरातल्या बांधकामांची वाळू महानदीच्या घाटांवरून येते. काकांचा तर्क असा की मूर्ती नदीकाठी, नाक पडतं ते पावसात वाहून पात्रात जातं, पात्रातून वाळूबरोबर ट्रकमध्ये, आणि ट्रकमधून रायपूरला. म्हणून रविवारी सकाळी ते भनपुरीला जात. तिथे ट्रक रांगेने थांबलेले असतात, चालक चहा पीत असतात. काका पिठाच्या चाळणीपेक्षा मोठ्या भोकांची एक चाळणी घेऊन वाळूच्या ट्रकवर चढत. चालकांना त्यांची सवय झाली होती.

"अंकल, आज एक कान मिला है," एकाने माझ्यासमोर त्यांना सांगितलं. "चलेगा?"

"कान दूसरे डिपार्टमेंट का है," काका चाळणी हलवत म्हणाले. त्यांनी कान पाहिलासुद्धा नाही.

दगड नाक आहे की नाही हे ठरवण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. दगड धुवायचा, डोळे मिटायचे आणि तो स्वतःच्या नाकाला टेकवायचा. थोडा वेळ तसंच उभं राहायचं. ट्रकच्या हौद्यात, वाळूच्या ढिगावर, डोळे मिटून, नाकाला दगड लावून उभा असलेला पांढऱ्या शर्टातला म्हातारा माणूस भनपुरीत कोणाला विचित्र वाटत नसे. समजलं तर ते "हव" म्हणत आणि दगड खिशात टाकत. नाही समजलं तर दगड परत वाळूत. परत गेलेले दगड फार कमी होते.

मग चालकाला विचारायचं, वाळू कोणत्या घाटाची. ते लेबलावर जाई. ही लेबलं ते गोल बाजारातून आणत. दुकानदाराला वाटे त्यांचा कपड्यांचा धंदा आहे.

काकांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्यांनी कधी काही विकत घेतलं नाही, कुठल्या मूर्तीला धक्का लावला नाही, कुठल्या देवस्थानातून खडाही उचलला नाही. उलट, ते देवस्थानांत वस्तू घेऊन जात. खिशात दोन-तीन नाकं घेऊन ते नकट्या मूर्तींना भेटत आणि एकेक लावून बघत. शहरातल्या एका संग्रहालयात त्यांनी हे केलं. तिथल्या पहारेकऱ्याने पहिल्यांदा त्यांना समजावलं, दुसऱ्यांदा बाहेर काढलं. त्यानंतर ते तिथे गेले की पहारेकरी फाटकावर उभा राही.

"अंकल, जेब दिखाइए."

इतर लोकांचे खिसे बाहेर पडताना बघतात. काकांचे आत जाताना बघत.

माझ्या दृष्टीने हा एक छोटा, हलका मजकूर होता, रविवारच्या पानाचा. पण त्यासाठी जाणकाराचं मत हवं. प्राचीन इतिहासाचे एक प्राध्यापक माझ्या ओळखीचे होते. मी त्यांना घरी आणलं. ते सभ्य गृहस्थ होते. चप्पल दाराबाहेर काढून ते खोलीत आले आणि एकेक ट्रे उजेडात घेऊन त्यांनी सगळे दगड पाहिले. घाई केली नाही, हसले नाहीत. काका हात मागे बांधून उभे होते.

"हे गोटे आहेत," शेवटी प्राध्यापक म्हणाले. "नदीतले. पाण्याने झिजलेले."

"सगळे?"

प्राध्यापकांनी एक काळा दगड बाजूला काढून ठेवला होता. लिंबापेक्षा थोडा मोठा. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खडबडीत. "हा कोरलेला आहे. छिन्नीचं काम दिसतं. हा मूर्तीचा तुकडा असू शकतो. नाक असेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"किंवा गुडघा," प्राध्यापक म्हणाले. "लहान मूर्तीचा."

बाकीचे सगळे गोटे आहेत, हे काकांना लागलं नाही. त्याबद्दल ते पुन्हा बोललेही नाहीत. लागला तो गुडघा. प्राध्यापक गेल्यावर ते खोलीत बसून राहिले. जेवायच्या वेळी मी डोकावलो तर त्यांनी पँट वर केली होती आणि डोळे मिटून तो काळा दगड स्वतःच्या गुडघ्याला टेकवला होता.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"गुडघ्याले काही समजत नाही," ते म्हणाले. "पण पाहून घेणं आपलं काम आहे."

त्यांची मुलगी हैदराबादला नोकरी करते. त्या वर्षी दिवाळीला येऊन दोन महिने राहायचं, घरूनच काम करायचं, असं तिने ठरवलं. तिला खोली हवी होती. फोन स्पीकरवर होता म्हणून सगळं ऐकू आलं.

"पापा, वो पत्थरवाला कमरा खाली कर दो ना," ती म्हणाली. बापलेकीत असंच चाले. ते मराठीत बोलत, ती हिंदीत उत्तर देई, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नसे.

"ते दगड नाही, बेटा."

"हाँ, वही, नोज़. मम्मी, आप बोलो."

काकू बोलल्या. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या, समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी अट घातली.

"इतके वर्षं मी ऐकून राहिली, पार्टी येईन, पार्टी येईन. एक आली का? एक? या दिवाळीच्या आत एका नाकाचा मालक शोधून दाखवा. एकच. मिळाला तर मी समजीन का बाकीचेही नाकंच आहेत, खोली तुमची. नाही मिळाला तर ट्रे खाली आणा आणि जिथून आणले तिथं नेऊन टाका. पोट्टीले खोली पाहिजे."

काकांनी विचार केला. "अट बरोबर आहे," ते म्हणाले.

मला ती अट बरोबर वाटत नव्हती. हजार वर्षांपूर्वीची मूर्ती, तिचं नाक, नदी, ट्रक, आणि दिवाळीला उरलेले थोडे आठवडे. पण काकांनी त्या अटीकडे रेल्वेतल्या माणसासारखं पाहिलं. शेकडो नाकांमध्ये ज्याला दुसऱ्या कोणी नाक म्हटलं होतं असं एकच होतं. ते काळं. गुडघ्याची शंका असलेलं. त्याचं लेबल त्यांनी वाचलं. घाटाचं नाव होतं. मग ते भनपुरीला गेले आणि त्या घाटावर जाणाऱ्या चालकांना विचारत सुटले: घाटाच्या वरच्या अंगाला कुठल्या गावात काळ्या दगडाची, नाक नसलेली मूर्ती आहे का.

एका चालकाने लगेच सांगितलं. त्याची सासुरवाडी तिथली होती. तिथे एक देवी आहे, तिचं नावच नकटी दाई, म्हणजे नकटी आई. एरवी तिचा चेहरा दिसत नाही, शेंदराचा जाड थर असतो. पण नवरात्र संपलं की जुना थर उतरवतात आणि दुसऱ्या दिवशी नवीन लावतात. मधला एक दिवस दगड उघडा असतो.

गावाचं नाव इथे देत नाही. गावाने तसं सांगितलं आहे.

आम्ही बसने गेलो. बसमधून उतरून बरंच चालावं लागलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नाक रुमालात बांधून वरच्या खिशात ठेवलं होतं. देवी तळ्याच्या पाळीवर, पत्र्याच्या छपराखाली होती. काळी, माणसाच्या कमरेएवढी उंच, खांद्यापाशी अजून शेंदराचे पापुद्रे. चेहरा स्वच्छ. नाकाच्या जागी खडबडीत खळगा. गावचा बैगा, म्हणजे देवीचा पुजारी, बादलीत शेंदूर आणि तेल कालवत बसला होता. थोड्या बायका होत्या, पारावर काही पुरुष.

काकांनी नमस्कार केला आणि आपलं वाक्य म्हटलं. ते वाक्य त्यांनी नोकरीत हजारो वेळा म्हटलं असणार.

"आपका एक सामान हमारे पास जमा है. पहचान करके ले लीजिए."

"का सामान?" बैगाने विचारलं.

काकांनी रुमाल उघडला. "नाक."

बैगाने नाकाकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वार्ताहर आहे असं सांगितलं. त्याने काही फरक पडला नाही. पारावरचे पुरुष उठून आले. काकांनी सगळी हकीकत सांगितली: नदी, वाळू, ट्रक, घाट. फसवणुकीचा संशय कोणाला आला नाही, कारण एवढ्या लांबून येऊन नाक फुकट देणाऱ्याला यातून काय मिळणार, हे कोणाला सुचेना. शेवटी बैगाने हात धुतले, नाक हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि खळग्यावर टेकवलं.

ते बसलं. टक्क असा आवाज झाला, डब्याचं झाकण लागतं तसा. बैगाने हात काढला. नाक पडलं नाही.

मी वृत्तपत्रात आहे, त्यामुळे 'चमत्कार' हा शब्द जपून वापरतो. इथे त्याची गरजही नाही. एका दगडाचे दोन तुकडे होते, ते जुळले. पण समोर एक चेहरा होता जो क्षणापूर्वी नव्हता. लांबट, शांत, थोडा गर्विष्ठ. संग्रहालयात असतो तसा. काकांनी माझा दंड धरला होता. त्यांनी तो किती जोरात धरला होता हे मला नंतर कळलं.

मग पुढे उभी असलेली एक म्हातारी बाई म्हणाली, "ए कोन आय?"

"दाई आय," बैगा म्हणाला.

"हमर दाई नोहय." ही आपली दाई नाही. "हमर दाई नकटी हे."

बैगाने पुन्हा पाहिलं. तो दोन पावलं मागे गेला. त्यालाही ओळख पटेना, हे दिसत होतं. म्हातारी तोवर पुढच्या मुद्द्यावर गेली होती. या गावात कोणाचंच नाक टोचत नाहीत. दाईला फुल्ली, म्हणजे नाकातली चमकी, घालता येत नाही म्हणून गावातल्या लेकी-सुनाही घालत नाहीत. बाहेरून आलेली सून वेशीवर फुल्ली काढते आणि मगच आत येते. म्हातारीच्या सासूने काढली, तिने काढली, तिच्या सुनांनी काढली.

"नाक रही त फुल्ली घलो लागही," ती म्हणाली. नाक आलं की फुल्लीही लागेल. "कोन गढ़वाही?" आणि घडवेल कोण.

पुरुषांमध्ये चर्चा सुरू झाली. दाईला फुल्ली म्हणजे सोन्याची. मग सुना मागतील. मग नाकं टोचणार कोण, गावात तर कोणाला येत नाही. आणि नाव? नकटी दाईची शपथ घेऊन गावाने भांडणं मिटवली आहेत, जमिनी वाटल्या आहेत. नाक आल्यावर त्या शपथांचं काय? हा मुद्दा एका तरुण माणसाने काढला. त्याच्या हातात मोबाईल होता, फोटो मात्र त्याने काढला नव्हता.

काका ऐकत होते. सर्वांचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मतलब, आप डिलीवरी नहीं ले रहे."

बैगाला वाईट वाटत होतं. तो काकांना बाबू म्हणाला, पाणी पाजलं, बसायला गोणपाट दिलं. पण म्हातारी छपराच्या खांबाला धरून उभी होती आणि देवीकडे बघत नव्हती. अनोळखी माणसाकडे बघू नये तशी.

"हेर दे, बाबू," ती म्हणाली. काढून टाक.

"मैं नहीं निकाल सकता," काका म्हणाले. "सामान अब पार्टी के पास है."

मग बैगानेच ते काढलं. निघताना नाकाने थोडा त्रास दिला. खळगा पुन्हा दिसला तशी म्हातारी पुढे आली, दाईच्या गालावरून हात फिरवला आणि काहीतरी पुटपुटली, मूल जत्रेत हरवून सापडल्यावर आई बोलते तसं. काकांनी लेबल पुढे केलं. मालकाने नकार दिल्याची नोंद हवी होती. बैगाने बादलीत अंगठा बुडवला आणि लेबलावर शेंदराचा ठसा उमटवला.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले.

"नाकच होतं," मी म्हणालो. "गुडघा नव्हता."

"हव."

खिशावर हात ठेवून ते म्हणाले, "एकदा जमा खात्यात दातांची कवळी आली होती. गोंदियाच्या गाडीत सापडली. कोणी विचारायले आलं नाही. मी डब्याचा चार्ट पाहून पाहून माणूस शोधला. रजा टाकून त्याच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं आणि हसला. नवीन दात होते. मले म्हणाला, साहेब, आता हे कुठं लावू?"

"मग?"

"चांगले दात होते त्याचे. पहिल्यापेक्षा चांगले." ते बाहेर बघत राहिले. "मी काहून विसरलो होतो ते, मले समजून नाही राहिलं."

घरी पोचलो तेव्हा काकू दारातच होत्या.

"मिळाला का मालक?"

"मिळाला."

"मग नाक कुठं आहे?"

काकांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला. "पार्टी नको म्हणते."

काकूंनी मला सगळं विचारलं. मी क्रमाने सांगितलं. शेंदराच्या ठशाला त्यांनी आधी हात जोडले, मग लेबल दोन्ही बाजूंनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वरचे ट्रे खाली आणू लागले. भनपुरीच्या एका चालकाला त्यांनी फोन केला होता. तो रिकाम्या ट्रकने घाटावर जाणार होता, जाताना दगड नेणार होता. व्हरांड्यात ट्रेंचे थर रचले गेले. मी मदत करू का विचारलं तर ते नको म्हणाले. काकूंनी खाली-वर करणाऱ्या नवऱ्याकडे काही वेळ पाहिलं.

"हे काय लावलं?"

"खोली रिकामी करून राहिलो. पोट्टी येईन ना."

"अट काय होती?"

"मालक शोधायची."

"शोधला ना?"

"शोधला. पण त्यांचं नाकाविना चालून राहिलं. मीच वाट पाहून राहिलो होतो, ते नाही. मग ऑफिस कशाले ठेवू?"

"ते तुमचं तुम्ही पाहा," काकू म्हणाल्या. "माझी अट मालक मिळायची होती. त्यानं सामान नेलं पाहिजे, असं मी म्हटलं नव्हतं. मिळाला, खोली तुमची. मी बोलली ते बोलली. ट्रे वर न्या."

"अन् पोट्टी?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या मला नेहमी भैया म्हणत, पण आता थोडं जास्त प्रेमाने म्हणाल्या.

"भैया दोन महिने हॉलमध्ये झोपतील. भाडं अर्धं. होते ना, भैया?"

मी जन्मभर प्रश्न विचारण्याचे पैसे घेतले आहेत. त्या क्षणी एकही सुचला नाही. ट्रे वर गेले. माझं सामान खाली आलं. प्राध्यापकांच्या हिशेबाने गोटे असलेले शेकडो दगड आपल्या खोलीत राहिले आणि शहरातला एक मान्यताप्राप्त बातमीदार सोफ्यावर आला.

हॉलमधून स्वयंपाकघर दिसतं, म्हणून पुढचं मला पाहता आलं. काळं नाक तेवढं वर गेलं नव्हतं. ते टेबलावर रुमालात तसंच होतं. मालक सापडलेली वस्तू जमा खात्यात ठेवता येत नाही, आणि मालकाने नाकारलेली कुठे ठेवावी हे काकांना ठरवता येत नव्हतं. संध्याकाळी काकूंनी दूध तापवलं, झाकण ठेवलं, विटेकडे हात नेला आणि थांबल्या.

"अहो, हे नाक आता कोणाचं?"

काका पेपर वाचत होते. पेपर खाली आला. दाईचं नव्हतं, गावाचं नव्हतं, नदीचंही आता म्हणता येत नव्हतं.

"आपलं," ते म्हणाले. तो शब्द त्यांनी चाचपून पाहावा तसा उच्चारला.

काकूंनी रुमाल सोडला, नाक नळाखाली धरलं, पुसलं आणि झाकणावर ठेवलं. नीट बसलं. थोड्या वेळाने जाळीतून बोका आला, ओट्यावर चढला, नाकाचा वास घेतला, एका पंजाने ढकलून पाहिलं आणि आल्या वाटेने गेला.

काका उठून स्वयंपाकघरात आले. त्यांनी नाकाकडे पाहिलं. मग ओट्याच्या कडेला काढून ठेवलेली अर्धी वीट त्यांनी उचलली. प्लास्टिकची पिशवी सोडवली. वीट जुनी होती, पातळ आणि रुंद, हल्लीच्या विटांसारखी नव्हती. ती त्यांनी दिव्याखाली धरली आणि उलटी करून पाहिली.

"ही कुठं सापडली होती?"

"मले काय माहीत. नाल्यापाशी पडली होती," काकू म्हणाल्या. "काहून?"

काकांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक कोरं लेबल काढलं.